नवीकोरी पिकअप, पण सेल्फ कधी लागतो कधी नाही. बॅटरी बदलावी का?

मळेकरी
गाडी वॉरंटीत आहे म्हणून बाहेरच्या वायरमनला हात लावू देता येत नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी बॅटरी चार्ज करून परत पाठवतात. म्हणून इथे विचारतो.

बीएस-६ डिझेल पिकअप, दीड टनी. शोरूममधून कॅब-चेसिस घेतली, हौदा बाहेर बांधून घेतला. बॅटरी ६५ एएच (अँपिअर-तास), गाडीसोबत आलेली. नारायणगाव ते वाशी भाजी जाते. बाजार बंद असला की गाडी दोन दिवस जागेवर.

त्रास दोन तऱ्हेचा. उभी राहिलेली गाडी सकाळी चावी फिरवली की टकटकटकटक करते, मीटरचे दिवे मिणमिणतात, सेल्फ फिरत नाही. जंपर लावला की सुरू. दुसरा प्रकार वाटेत थांबल्यावर, इंजिन गरम असताना. चावी फिरवली की एकच 'टक', पुढे काही नाही. दिवे मात्र लख्ख. दोन-तीनदा फिरवल्यावर लागतो. इंजिन चेकचा दिवा मधूनच येतो आणि आपोआप जातो.

मागाहून लावलेलं सामान: ट्रॅकर, म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, हौद्यात एलईडी पट्ट्या, प्रेशर हॉर्न.

सर्व्हिस सेंटर म्हणतं बॅटरी गेली. बॅटरीवाल्यांचा माणूस टेस्टर लावून म्हणतो ठणठणीत आहे. खिशातून नवी टाकू का?

जुनं_गॅरेज
टाका नवी आणि मोकळे व्हा. गाडी शोरूमच्या आवारात चार-सहा महिने उभी असते, तेव्हाच बॅटरी अर्धी मेलेली असते. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्ज करा, भरल्यासारखी दिसते आणि सेल्फ मारला की बसते.

घाटमाथा
प्रेशर हॉर्न काढा आधी. बॅटरीचं नंतर बघू, आमच्या कानांचं भलं होईल.

विद्युल्लता
जुनं_गॅरेज म्हणतात ते सल्फेटचं खरं आहे, पण मळेकरींनी दोन वेगळे आवाज लिहिलेत आणि ते दोन वेगळे आजार आहेत. बॅटरी बदलून फार तर पहिला काही दिवस झाकला जाईल.

टकटकटक आणि दिवे मिणमिणणं म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातो, सेल्फने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी रिकामी किंवा टर्मिनल सैल.

एकच टक आणि दिवे लख्ख, यात बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही. दिव्यांचा अर्थ कॅबच्या पत्र्यावर असतो, सेल्फचा अर्थ इंजिनच्या ब्लॉकवर. इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी नीट बसलेली नसेल तर दिव्यांना काही फरक पडत नाही, सेल्फ मात्र मुका. सोलेनॉइडचे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळले तरी हेच दिसतं, पण नव्या गाडीत ते शेवटी धरा.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडायच्या आधी बॅटरीच्या दोन खांबांवर मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या खाली उतरलेली. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा. भरलेली बॅटरी सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये.

आता खरी चाचणी. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (थिंबलवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीवर नाही, शिशाच्या खांबावर), लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारा. ०.२ पर्यंत ठीक, ०.३ च्या वर गेलं तर अर्थचा रस्ता खराब. तसंच लाल पिन पॉझिटिव्ह खांबावर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर: ०.५ पर्यंत चालेल. ओहमवर ठेवून हे मोजू नका, मीटर ० दाखवेल आणि तुम्ही फसाल. असल्या इंजिनाचा सेल्फ २०० अँपिअरच्या आसपास ओढतो. जोडात ५ मिलिओहम असले तरी तिथेच १ व्होल्ट जातो, आणि ५ मिलिओहम आपल्या मीटरला दिसतच नाहीत.

टेम्पोनामा
+१. आणि क्लच स्विच? बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. जाड मॅट पेडलखाली सरकलं की खेळ खलास.

विद्युल्लता
टेम्पोनामा, क्लच स्विच उघडा राहिला तर 'टक'सुद्धा येत नाही. रिलेच ओढला जात नाही. आवाजच नसेल तेव्हा क्लच स्विच, सेल्फचा रिले, फ्यूज, इग्निशन स्विच आणि चावीचं इमोबिलायझर (मीटरवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो का) या क्रमाने बघायचं.

निफाडकर
आमच्याकडे थंडीत पारा ५-६ वर येतो तेव्हा अर्ध्या गाड्या सकाळी रडतात. हीटर प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. लोक चावी एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवतात.

जुनं_गॅरेज
हीटर प्लगचा इथे संबंध नाही हो. सेल्फ फिरतच नाहीये. सेल्फ जोमात फिरतोय आणि इंजिन धरत नाही, तेव्हा हीटर, डिझेल, सेन्सर. तिथे पण आधी आरपीएमचा काटा बघा. सेल्फ मारताना काटा थोडा हलला पाहिजे. मुळीच हलला नाही तर बऱ्याचदा क्रँक सेन्सर किंवा त्याचा सॉकेट. काटा हलतो पण धरत नाही तर डिझेलने एअर घेतलीय का बघा, फिल्टर बदलल्यावर हातपंप मारून एअर काढायला विसरतात. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच दाबाची नळी) रेलचा दाब साधारण २०० बारपर्यंत चढल्याशिवाय ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडत नाही. सेल्फ मंद फिरला तरी हेच होतं, म्हणून पुष्कळदा डिझेलच्या नावाने बिल फाडलं जातं आणि दोष बॅटरीत असतो.

खारवट
मासळीच्या गाड्यांत हाच प्रकार रोजचा. क्रेटमधल्या बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून चेसिसवर गळतं, आणि अर्थचे बोल्ट नेमके तिथेच. वरून थिंबल चकचकीत, खाली हिरवी बुरशी. वर्ष व्हायच्या आत पट्टीच्या तारा आतून कुजतात. बोल्ट उघडा, थिंबल उलटं करून बघा. हात लावून 'घट्ट आहे' म्हणण्यात अर्थ नाही.

घाटमाथा
अर्थमध्ये अर्थ नाही. वा.

वीजमापक
विद्युल्लताताईंनी दुसरा आजार लिहिला, मी पहिल्याचं लिहितो. उभ्या गाडीत बॅटरी कोण खातं हे शोधायचं.

सोपा हिशोब. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर सगळे मोड्यूल (गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे) झोपले की ०.०५ अँपिअरच्या आत करंट हवा. तेवढ्यावर ६५ एएच बॅटरी महिनाभर तग धरते. हाच करंट ०.४ झाला तर दिवसाला जवळपास १० एएच गेले. दोन दिवसांत २०. बॅटरी आधीच पाऊण भरलेली असेल तर तिसऱ्या सकाळी टकटकटक.

मोजायचं कसं: बॉनेट उघडा, चावी काढा, ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याच्या लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने आत ढकला म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, निगेटिव्ह केबलभोवती अडकवा, काहीच सोडायला नको. घेताना डीसी अँपिअर मोजतो ना ते बघून घ्या, बाजारात स्वस्तात मिळणारे पुष्कळसे क्लॅम्प फक्त एसी मोजतात. क्लॅम्प नसेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह खांब आणि केबल यांच्या मधे. मीटर मधे असताना चावी लावायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आणि लगेच आकडा बघून घाबरू नका. सुरुवातीला दोन-चार अँपिअरही दिसतात. अर्धा ते एक तास थांबा.

एका तासानंतरही ०.०५ च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढण्यापेक्षा, फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ०.१३ अँपिअर. फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं मोड्यूल जागं होतं आणि सगळी मोजणी बिघडते, म्हणून ही पद्धत. पण मागाहून लावलेलं सामान बऱ्याचदा थेट बॅटरीवरून घेतलेलं असतं, ते फ्यूज बॉक्समध्ये सापडणारच नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर कंपनीच्या जाड केबलशिवाय किती बारीक वायरी आहेत ते आधी मोजा.

माझा संशय म्युझिक सिस्टीमवर. स्टिरिओला दोन पॉझिटिव्ह असतात, पिवळी कायमची आणि लाल चावीवरची. घाईत लावणारा दोन्ही एकत्र पिळतो आणि कायमच्या पॉझिटिव्हला जोडतो. स्क्रीन बंद दिसते, सेट आतून जागाच राहतो.

टेम्पोनामा
ट्रॅकरही बघा. चांगला ट्रॅकर गाडी उभी असताना झोपतो, काही मिलिअँपिअरच घेतो. पण त्याची इग्निशनची वायर न जोडता फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दिलं की गाडी थांबलीय हे काहींना कळतच नाही, आणि तो रात्रभर लोकेशन पाठवत बसतो.

सडाफटिंग
एवढं कशाला? बॅटरीला मेन कटऑफ स्विच लावा. रात्री फिरवा, सकाळी लावा. संपलं.

वीजमापक
सडाफटिंग, ट्रॅक्टरला ठीक. इथे तीन अडचणी. चावी बंद केल्यावर ईसीएम लगेच झोपत नाही, आतली नोंद जतन करत असतो. ज्या गाड्यांत डीईएफची (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) टाकी आहे त्यांत पंप नळीतला द्रव मागे ओढून घेतो. तेव्हाच वीज तोडली तर नळीत खडे जमतात. तोडायचीच तर दोन-तीन मिनिटं थांबून. आणि एआयएस १४० चा (सरकारी मानकाचा) ट्रॅकर असेल तर मुख्य वीज तुटल्याचा अलर्ट रोज रात्री जाईल. शिवाय इंजिन चालू असताना कोणी तो स्विच फिरवला तर डायनामोचं व्होल्टेज उसळी मारून ईसीएमचा बळी जाईल. चालू गाडीची बॅटरी काढून 'डायनामो चार्ज करतो का' बघणारे मेकॅनिक अजून आहेत, त्यांना बॉनेटजवळ फिरकू देऊ नका.

सडाफटिंग
बरं बुवा. मग धक्का मारू की नको?

जुनं_गॅरेज
जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला खुशाल मारा. बीएस-६ मध्ये बॅटरी अगदीच बसलेली असेल तर ईसीएम जागाच होत नाही, इमोबिलायझर सुटत नाही, मग उतारावरून वाशीपर्यंत ढकलली तरी लागायची नाही. आणि अर्धवट पेटलेलं डिझेल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टमध्ये जातं ते वेगळंच. जंपर लावा: आधी पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह ते आपल्या इंजिनवरचा उघडा धातू. पाच मिनिटं थांबून सेल्फ. काढताना उलट क्रम.

एक युक्ती. त्या 'एकच टक'च्या वेळी निगेटिव्हचा चिमटा बॅटरीच्या खांबाऐवजी इंजिनला लावून सेल्फ झटकन लागला, आणि खांबाला लावून लागला नाही, तर अर्थ खराब हे मीटरशिवायच कळलं.

हौदेवाला
बॉडी बिल्डिंगच्या धंद्यातला म्हणून सांगतो, आमच्या लोकांकडे बोट जाणार हे वाचतानाच कळलं होतं, आणि ते अगदीच चूक नाही. हौदा बसवताना चेसिसवर वेल्डिंग होतं. खरं तर बॅटरीच्या दोन्ही केबल काढायच्या, ईसीएमचे सॉकेट सोडवायचे, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या वीतभर अंतरात लावायचा. क्लॅम्प पुढे बंपरला आणि वेल्ड मागे, म्हणजे करंट मधल्या बेअरिंगमधून आणि अर्थच्या पट्ट्यांमधून जाणार. त्यानंतर चेसिसला काळा रंग. रंग मारायला अर्थचा बोल्ट सोडला आणि रंगावरच परत कसला, तर नट कितीही घट्ट असो, धातूला धातू लागलेलाच नाही. बोल्टच्या आट्यांमधून थोडा करंट जातो म्हणून गाडी चालते. गरम झालं, हादरे बसले की तेवढाही जात नाही.

हौद्यातल्या एलईडी पट्ट्या आणि कॅमेरा कुठून घेतलाय? टेललाइटच्या वायरला चिरा देऊन टेप मारलेली असेल तर पावसाळ्यात पाणी वायरच्या आतून चढत जोडापर्यंत जातं.

मळेकरी
मीटर आणला, डीसी क्लॅम्पही मिळाला. आकडे देतो.

दोन दिवस उभी: १२.१५. सेल्फ मारला तर ८.३ आणि टकटकटक.
चार्ज करून, थंड इंजिन: १२.६५, सेल्फ फिरताना १०.१.
निगेटिव्ह खांब ते ब्लॉक, सेल्फ फिरताना: १.३. गरम इंजिनावर 'एकच टक' झाला त्या वेळी ७ च्या वर.
पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट: ०.३.
इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू: बॅटरीवर १३.८, डायनामोचा बोल्ट ते डायनामोची बॉडी १४.२.
उभ्या गाडीत तासाभरानंतर: ०.४१ अँपिअर. स्टिरिओचा सॉकेट काढला की ०.१४. ट्रॅकरचा फ्यूज काढला की ०.०३.

विद्युल्लता
याहून स्वच्छ आकडे मिळणार नाहीत. बॅटरी निर्दोष. भरलेली असताना १०.१ वर सेल्फ फिरवते, म्हणजे चांगली आहे.

अर्थचा १.३ हा गुन्हेगार क्रमांक एक. आणि गंमत बघा, डायनामोचाही परतीचा रस्ता इंजिनच्या ब्लॉकवरूनच आहे. डायनामो १४.२ देतो आणि बॅटरीला १३.८ मिळतात, त्यातला बराचसा फरक याच जोडात. म्हणजे बॅटरी धड भरतही नव्हती, आणि वरून उभ्या गाडीत ०.४१ गळत होतं. इंजिन चेकचा दिवाही त्यातलाच असू शकतो. स्कॅनरवर पी ०५६२ दिसला तर तो 'सिस्टीम व्होल्टेज कमी' एवढंच सांगतो, ईसीएम बिघडल्याचं नाही.

अर्थची पट्टी बहुतेक गिअरबॉक्स ते चेसिस असेल. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडा. मग दोन्ही टोकं उघडा, चेसिसवरची जागा थिंबलच्या आकाराएवढी पॉलिश पेपरने पांढऱ्या धातूपर्यंत घासा, खाली दातेरी वॉशर टाका, कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग. आधी नाही. बॅटरीचा निगेटिव्ह जिथे चेसिसला बसतो तिथेही तेच.

हौदेवाला
आणि कसायच्या आधी थिंबलजवळ पट्टी वाकवून बघा. करकर आवाज आला, तारा तुटत्या दिसल्या तर नवी टाका. २५ चौरस मिमीच्या खाली जाऊ नका, आणि थोडी ढिली ठेवा, इंजिन माउंटवर हलतं. खराब पट्टीवर गाडी चालवत राहिलात तर सेल्फचा करंट गिअरच्या केबलमधून परतायला बघतो आणि केबलचं प्लॅस्टिक वितळतं.

कायदेकानू
थांबा, हे स्वतः करायच्या आधी आकडे लिहून सर्व्हिस सेंटरला द्या. जॉब कार्डवर 'बॅटरी प्रॉब्लेम' एवढंच लिहितात. 'सेल्फ मारताना निगेटिव्ह खांब ते ब्लॉक १.३ व्होल्ट' असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत घ्या. अर्थ बोल्ट बॉडीवाल्याने सोडला असं ते म्हणतील, म्हणा. पण मग बॅटरीचं खापर तरी फुटणार नाही.

नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. धंद्याची गाडी म्हणून 'तुम्ही ग्राहकच नाही' असा मुद्दा समोरचा हमखास काढतो. २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळलेली आहे, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात लिहायचं. एकाच गाडीवर पोट असणाऱ्याला आणि दहा गाड्यांच्या मालकाला इथे वेगळा न्याय आहे.

सडाफटिंग
एका नटासाठी आयोग! वाचनखूण साठवली मात्र.

खारवट
स्टिरिओचं काय करायचं तेही सांगा कोणीतरी.

वीजमापक
स्टिरिओची लाल वायर सोडवून चावी एसीसीवर (इंजिनाआधीचा चावीचा टप्पा) असतानाच वीज येणाऱ्या फ्यूजवर घ्यायची. फ्यूज टॅप म्हणून छोटी वस्तू मिळते, कंपनीची वायर कापावी लागत नाही. पिवळी राहू दे, तिने फक्त घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात, काही मिलिअँपिअरचं काम. ट्रॅकरला इग्निशनची वायर जोडून घ्या, ती ट्रॅकरवाल्याकडूनच करून घ्या. प्रेशर हॉर्न रिलेवर आणि बॅटरीपासून वीतभरात फ्यूज, नाहीतर वायर घासली की आग.

मळेकरी
सर्व्हिस सेंटरने पट्टी उघडली. थिंबलखाली काळा रंग होता, बोल्टभोवती फक्त एक गोल चमकत होता. घासून बसवल्यावर ब्लॉक ते निगेटिव्ह ०.१५, बॅटरीवर १४.१. स्टिरिओ आणि ट्रॅकर जोडून घेतले, आता उभ्या गाडीत ०.०४. एकच शंका: बॅटरी इतक्यांदा उतरली, तिला काही करायचं का?

जुनं_गॅरेज
एकदा बाहेर काढून हळू चार्ज द्या. ६५ एएचला ६ अँपिअर, दहा-बारा तास. गॅरेजात २० अँपिअरवर तासाभरात 'फुल' करून देतात ते नको. मग रात्रभर काही न जोडता ठेवा. सकाळी १२.६ च्या वर असेल तर वापरा. १२.४ वर येऊन थांबत असेल तर तेव्हा बॅटरीच्या वॉरंटीचं कार्ड काढा. ती वॉरंटी बऱ्याचदा गाडीपेक्षा वेगळी असते. परत बसवताना निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर आहे का बघा. असेल तर पुढे कधी गाडीतच चार्जर लावलात तर त्याचा निगेटिव्ह खांबाला नाही, चेसिसला.

टेम्पोनामा
सीएनजी पिकअपला हेच आकडे चालतील का?

विद्युल्लता
अर्थचे आणि उभ्या गाडीतल्या करंटचे हेच. सेल्फचा करंट डिझेलपेक्षा कमी असतो, त्यामुळे ब्लॉकवर ०.२ दिसले तरी एकदा उघडून बघा.